नाव एकच, प्रोसेसर दोन, आणि लेथ तीन दिवस बंद

सातपूरच्या आमच्या शेडमध्ये आज तिसऱ्या दिवशी सीएनसी लेथ नुसती उभी आहे. लेथ ठणठणीत आहे, ऑपरेटर हजर आहे, बार कापून पडलेत. तिला प्रोग्रॅम पाठवणारा कॉम्प्युटर तेवढा नाही. जुन्याचा मदरबोर्ड गेला आणि तेव्हापासून मी एका साध्या प्रश्नाच्या मागे वणवण फिरतोय: या प्रोसेसरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर, चालेल की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा. पण एक माणूस नीट सांगेल तर शपथ!

आमचं प्रोग्रॅम पाठवायचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोज एक्सपीवर चालतं, म्हणून ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायची. "मग थेट एक्सपीच टाक की," हे मला चार जणांनी ऐकवून झालंय. अरे बाबांनो, त्याच कॉम्प्युटरवर जीएसटी भरायचाय, गिऱ्हाइकाच्या मेलमधली ड्रॉइंगं उघडायचीत. एक्सपीवर आज यातलं काय धड होतं? आणि व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी एक फाइल. उद्या हाही मदरबोर्ड गेला तर फाइल उचलायची, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवायची आणि लेथ चालू करायची. पुन्हा असे तीन दिवस जाऊ नयेत म्हणून तर हा आटापिटा.

लेथला केबल जोडायला नऊ पिनचा सिरीयल पोर्ट लागतो, म्हणून एम. जी. रोडला जाऊन मुद्दाम जुनाच डेस्कटॉप बघितला. इंटेलचा कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, चार जीबी रॅम. काउंटरवरच्या दादांना तीनदा विचारलं, व्हीटी, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला लागणारी प्रोसेसरमधली सोय, आहे ना? "आहे ना शेठ, ड्युओ म्हटल्यावर सगळं चालतं. बिनधास्त घेऊन जा." रात्री विंडोज १० वर व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, त्यात एक्सपी सुरू केली आणि समोर एरर आली: व्हीटी-एक्स (तेच ते व्हीटी) उपलब्ध नाही. व्हर्च्युअलबॉक्सला ६.१ पासून, म्हणजे डिसेंबर २०१९ पासून, प्रोसेसरमध्ये ही सोय लागतेच लागते. त्याआधी बत्तीस बिटची एक्सपी तिच्याविनाही रेटता यायची.

मला वाटलं, बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगांत, बंद असेल. दोन रात्री तो निळा पडदा धुंडाळला. या सोयीला सगळीकडे एकच नाव ठेवायला काय जात होतं? कुठे ती 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', कुठे 'व्हँडरपूल', एएमडी प्रोसेसरच्या बोर्डावर 'एसव्हीएम मोड'. कधी ती प्रोसेसरच्या पानावर, कधी चिपसेटच्या, कधी सिक्युरिटीच्या. प्रत्येक पान उघडलं. कुठेच नाही.

शेवटी पंखा उतरवला. हीट सिंकखालची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसली, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, तेव्हा धातूच्या झाकणावरची बारीक अक्षरं दिसली. त्यात एसएलने सुरू होणारा पाच अक्षरांचा कोड. तो शोधला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ई७५०० दोन प्रकारचे निघालेत! एकात व्हीटी आहे, एकात नाही. नाव तेच, २.९३ गिगाहर्ट्झ वेग तोच, सॉकेट तेच. इंटेलच्याच क्यू८३०० प्रोसेसरचीही हीच गत. फरक कळणार तो त्या पाच अक्षरांवरून, आणि ती पंख्याखाली, पेस्टखाली गाडलेली. गिऱ्हाइकाने दुकानात पंखा उपटून बघायचं का?

ही सोय काही ई७५०० च्या वेळी नवीन नव्हती. नोव्हेंबर २००५ मध्ये ती पेंटियम ४ च्या ६६२ आणि ६७२ मध्ये आलेली. ई७५०० आला २००९ ला. त्याच वर्षी विंडोज ७ सोबत मायक्रोसॉफ्टने एक्सपी मोड, म्हणजे विंडोज ७ च्या आत एक्सपी चालवायची तजवीज, आणला आणि त्याला ही सोय सक्तीची केली. चांगल्या चालत्या कॉम्प्युटरांवर तो चालेना, शेवटी मार्च २०१० मध्ये ती अट काढावी लागली. म्हणजे हा घोळ सगळ्यांना तेव्हापासून माहीत आहे, आणि आज एवढ्या वर्षांनी मी तोच निस्तरतोय.

आज डबा घेऊन दुकानात परत गेलो. तिथे दुसरा ई७५०० होता. दादांनी त्यावर कॉम्प्युटरची माहिती दाखवणारी सिस्टिमइन्फो कमांड चालवली, शेवटच्या ओळी दाखवल्या आणि म्हणाले, "बघा, यातही नाही. नवीन आय५ घ्या." मी वाकून वाचलं. 'व्हीएम मॉनिटर मोड एक्स्टेन्शन्स', म्हणजे व्हीटीच, त्यासमोर येस होतं! नो होतं ते 'सेकंड लेव्हल अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन' समोर. ते वेगळंच प्रकरण; विंडोज १० मधल्या हायपर-व्हीला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीला लागतं, माझ्या व्हर्च्युअलबॉक्सला नाही. कोअर टूच्या पिढीत ते कुठल्याच प्रोसेसरला नव्हतं. ज्यात काहीच नाही तो यांनी "सगळं चालतं" म्हणून गळ्यात मारला, आणि ज्यात माझं काम होणार त्याला "यातही नाही" म्हणतात! दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा ना. समोरच्याची रोजीरोटी त्यावर उभी आहे. वर डबा बदलायचे पंधराशे वेगळे मागितले.

उद्या दुकान उघडायच्या आधी शटरसमोर उभा राहणार आहे. पेन ड्राइव्हवर लिनक्स घेतलंय. बायोसमध्ये व्हीटी चालू करायचं, त्यांच्याच काउंटरवर लिनक्स बूट करायचं, प्रोसेसरची माहिती दाखवणारी एलएससीपीयू कमांड टाइप करायची. व्हर्च्युअलायझेशनसमोर व्हीटी-एक्स दिसलं तर तो डबा घेऊन थेट सातपूर गाठणार. नाही दिसलं तर पैसे हातात पडेपर्यंत तिथून हलणार नाही. आणि पंधराशे तर कुठल्याच परिस्थितीत देणार नाही.