शिडी, दोर आणि चेनसॉ एवढ्यावर झाड उतरत नाही

मोबाइलवर एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. झाड तोडायला माणसं बोलावून पैसे घालवू नका, घरच्या घरी करा, असं सांगत तो पाच गोष्टी पुढे करतो. शिडी फांदीला टेकवून चढा. कमरेला दोर बांधा, म्हणजे पडायची भीती नाही. छोटा चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीची यंत्र-करवत, एका हातानेही चालतो. खालून दोघांनी दोर ओढला की झाड हवं त्या बाजूला पडतं. आणि शेवटी, पूर्वीच्या लोकांनी कुठे प्रशिक्षण घेतलं होतं? वाचताना हे सगळं पटतं, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. हा मजकूर फक्त कापण्याबद्दल बोलतो. कापणं अवघड नसतंच. काप पूर्ण होतो त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत लाकूड काय करतं याबद्दल त्यात एक अक्षर नाही, आणि जीव जातात ते बहुतेक तिथे.

आधी शिडी, कारण सगळ्यात जास्त लोक तिच्यावर भरवसा ठेवतात. आडवी वाढलेली जाड फांदी स्वतःच्या वजनाने खाली ओढलेली असते. टोकाकडचा भाग कापला गेला की ते वजन एकदम उतरतं आणि झाडाला उरलेला भाग वर उसळतो. शिडीचं टोक टेकलेलं असतं ते याच भागाला. आधार हातभर वर गेला की शिडी हवेत, आणि तिच्यावरच्या माणसाच्या हातात चालू यंत्र. फांदीचं पुढे काय होतं तेही बघा. पानांनी भरलेला शेंड्याकडचा भाग बऱ्याचदा आधी जमिनीला लागतो, तिथे अडतो, आणि कापलेलं जाड टोक झोका घेऊन बुंध्याकडे परत येतं. शिडी तिथेच उभी असते. फक्त वरून कापत गेलं तर आणखी एक गोष्ट होते: अर्ध्यावर फांदी मोडते, खालची साल लाकडासकट बुंध्यापर्यंत सोलली जाते आणि अख्खी फांदी त्या पट्टीवर लोंबकळत आत येते. म्हणूनच जाणकार आधी खालून थोडा काप घेतात, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापून वजन उतरवतात, आणि उरलेला खुंट शेवटी बुंध्याजवळ काढतात. हे तीन काप कागदावर कुणालाही समजतील. शिडीवर एक पाय अधांतरी असताना ते करता येत नाहीत.

आता कमरेचा दोर. आठ मीटरवरून सुटलेला माणूस जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर असतो. कमरेच्या दोराने तो मध्येच थांबवला, तर सगळा हिसका बरगड्यांवर आणि पोटावर येतो. शिकलेले लोक मांड्यांना आणि कमरेला आधार देणारा हार्नेस घालतात. चेनसॉ चालवताना ते दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेले असतात, कारण एक दोर साखळीखाली आला तरी दुसरा राहावा. दोर कुठे बांधायचा, हे तर वेगळंच शिक्षण आहे. मुळाशी उगवलेली आळंबी, ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, खोडाला गेलेली उभी चीर, सुकलेला शेंडा, ही कमकुवत झाडाची लक्षणं वाचता आली नाहीत तर दोर कितीही भक्कम असून उपयोग नाही.

आणि दोराने वाचलेला माणूस वर लोंबकळत राहिला तर? चांगल्या हार्नेसमध्येसुद्धा निपचित लटकलेल्या माणसाची शुद्ध काही मिनिटांत हरपू शकते. साखळीने मोठी रक्तवाहिनी कापली असेल तर हातात तितकी मिनिटंही नसतात. त्याला कोण उतरवणार? ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाचं सांगणं स्पष्ट आहे: झाडावर चढून काम करताना किमान दोन माणसं हवीत, आणि खालच्याकडे वर जाऊन सुटका करण्याचं प्रशिक्षण आणि सामान दोन्ही हवं. खाली शेजारी उभा आहे, हे त्याचं उत्तर नव्हे.

एका हाताने चेनसॉ चालवायचा सल्ला वाचून तर अंगावर काटा आला. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास पळते, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या पुढे. ही साखळी जिच्याभोवती फिरते त्या पातीच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही लागला की यंत्र उलटं उसळतं, थेट चेहऱ्याकडे आणि मानेकडे. हे कळून हात हलेपर्यंत ०.२ सेकंद जातात. तेवढ्यात ४ मीटर साखळी फिरून गेलेली असते. साखळी थांबवणाऱ्या ब्रेकचा दांडा डाव्या मनगटापुढे बसवलेला असतो, उसळीत मनगट त्याला लागावं म्हणून. इथे डावा हात फांदी धरून, म्हणजे सरळ पातीच्या वाटेत.

दोर ओढून झाड पाडण्याच्या सल्ल्यात एक साधा हिशोबही केलेला नाही. झाड १२ मीटर उंच आणि दोर १० मीटरचा असेल, तर ओढणारे झाडाखालीच उभे आहेत. झाड दिशा धरतं ते मुख्यतः कापताना राखलेल्या लाकडामुळे. पडायच्या बाजूला खाच घ्यायची, मागून काप घ्यायचा, आणि दोन्हींच्या मध्ये व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी पट्टी शाबूत ठेवायची. ४० सेंटिमीटरच्या बुंध्यात ती ४ सेंटिमीटर. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी झाडाला वळवते. ती कापली गेली की दोघांच्या हातांत काही राहत नाही: ४० सेंटिमीटर जाडीचा नुसता दोन मीटर ओला ओंडकाच २०० किलोच्या वर भरतो. झाड आधीच कललेलं असेल तर काप अर्ध्यात असतानाच खोड उभं चिरतं आणि मागची फळी कापणाऱ्याच्या अंगावर येते. दोर हाताला गुंडाळून ओढणारे लोक पाहिले की मला ओरडून सांगावंसं वाटतं, तो आधी सोडा.

तारांचं नाव त्या मजकुरात कुठेच नाही. ओलं लाकूड वीज वाहून नेतं. अमेरिकेत तर विजेच्या कामाचं प्रशिक्षण नसलेल्याला चालू तारेपासून निदान ३ मीटर दूर राहावं लागतं, आणि व्होल्टेज जास्त असेल तर आणखी.

राहिले पूर्वीचे लोक. ते शिकले नव्हते हेच मुळात खोटं आहे. मोठ्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं फांद्या ओढत, बघत, बोलणी खात ते शिकले. कागद मिळाला नाही एवढंच. शिवाय कुऱ्हाड सावकाश चालते. लाकूड करकरतं ते ऐकू येतं, मागे सरायला वेळ मिळतो. चेनसॉच्या आवाजात तो इशारा बुडतो आणि काही सेकंदांत काप आरपार जातो. आणि पूर्वी कुणाला काही होत नव्हतं असंही नाही. आज यंत्रं, शिरस्त्राणं सगळं असूनही अमेरिकेच्या कामगार आकडेवारीत लाकूडतोडीचा मृत्युदर वर्षानुवर्षं सगळ्यात वरच्या धंद्यांत असतो, आणि ते लोक रोज हेच काम करणारे आहेत.

पैसे वाचवायचेच असतील तर जागा आहे. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, लांब दांड्याच्या करवतीने, डोक्यावर न येणाऱ्या मनगटाएवढ्या फांद्या छाटा. जवळून तार जात नसेल तरच. खाली पडलेला पाला आणि बारीक काटक्या तुम्हीच उचला, मजुरी तेवढी कमी होईल. वर चढायचं काम मात्र ज्याला देणार त्याला आधी विचारा: तुम्ही वर अडकलात तर खालून कोण येणार, आणि त्याचा हार्नेस कुठे आहे? तो माणूस एकटाच आला असेल तर त्याला चढू देऊ नका.