चाळणी लावणाऱ्यास चार हिताच्या गोष्टी

कार्यालयातील इंटरनेटवर नको ती संकेतस्थळे अडवणारी चाळणी बसवण्याचे काम आपल्याकडे नुकतेच आले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. कारण एकही पान न वाचता अवघ्या वाङ्मयाची वर्गवारी करणे, जे आजवर कोणत्याही ग्रंथपालाला साधले नाही, ते आता आपल्या हातून विनासायास घडणार आहे. संकेतस्थळांच्या वर्गांची यादी विकत मिळते आणि आपण प्रत्येक वर्गापुढे ‘परवानगी’ किंवा ‘अडवा’ एवढेच निवडायचे असते.

फोर्टिगार्ड या विकतच्या चाळणी-सेवेच्या यादीत ‘लोककथा’ नावाचा एक वर्ग आहे व त्यात भुताखेतांच्या गोष्टींच्या शेजारी राशिभविष्य आणि हस्तसामुद्रिक बसवलेले आहे. तो अडवण्यापूर्वी साहेब सकाळच्या चहाबरोबर काय वाचतात, याची शिपायाकडे चौकशी करावी. त्याच यादीत ‘निरर्थक मजकूर’ असाही वर्ग आहे. मात्र आपल्याच कंपनीचे ध्येयधोरणाचे पान त्यात जाऊ नये, म्हणून तो जपून वापरावा.

नावावरून चारित्र्य ओळखण्याची विद्या जुनी आहे. 1996 साली एओएल या अमेरिकी इंटरनेट सेवेच्या चाळणीला इंग्लंडमधील स्कनथॉर्प या गावाच्या नावात एक अश्लील शब्द दडलेला आढळला आणि तेथील रहिवाशांना खाते उघडणे अशक्य झाले. अमेरिकेतील बीव्हर कॉलेज हे नाव एका निरुपद्रवी प्राण्याचे असले, तरी बोलीभाषेत त्याला दुसराही अर्थ असल्याने चाळण्या ते अडवू लागल्या. अखेर 2001 मध्ये कॉलेजनेच, इतर कारणांबरोबर हेही एक कारण मानून, आर्केडिया विद्यापीठ असे नाव धारण केले. तेव्हा तक्रार आल्यास चाळणी दुरुस्त करण्याची घाई करू नये. संस्था नाव बदलेपर्यंत वाट पाहावी.

हल्ली बहुतेक संकेतस्थळे मजकूर कुलूपबंद पाठवतात, त्यामुळे आपल्याला सहसा दारावरची पाटी, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, तेवढी दिसते. आत डोकावायचे असल्यास प्रत्येक संगणकावर कंपनीचे स्वतःचे प्रमाणपत्र, म्हणजे संगणकाने चाळणीवर विश्वास ठेवावा यासाठीचा डिजिटल दाखला, बसवून प्रत्येक पाकीट वाटेत फोडावे आणि पुन्हा चिकटवून पुढे धाडावे. बँका व रुग्णालयांची पाकिटे वगळण्याचा शिष्टाचार पुष्कळ ठिकाणी पाळला जातो; आपणही पाळावा, म्हणजे उरलेली फोडताना मनाला टोचणी लागत नाही.

ज्याला वर्गच मिळालेला नाही, ते संकेतस्थळ मात्र बेलाशक अडवावे. नव्याकोऱ्या नावांआडून फसवणुकीचे प्रकार खरोखरच होतात, त्यामुळे या नियमाला सबळ आधार आहे. चाकणच्या ज्या लघुउद्योजकाकडून आपण सुटे भाग घेतो, त्याचे परवा सुरू झालेले संकेतस्थळही त्यात सापडले, तर त्याने जुने व्हावे. सुरक्षेतील त्रुटी कशी बुजवावी हे सांगणारे पान ‘हॅकिंग’ या वर्गात निघाले, तर ती त्रुटी बुजवायला बसलेल्या अभियंत्याकडून रीतसर अर्ज घ्यावा. त्या पानावर नेमके काय आहे, हे अर्जात लिहिणे सक्तीचे ठेवावे. पान पाहिल्याशिवाय ते लिहिता येत नाही, त्यामुळे अर्जांची संख्या आटोक्यात राहते. तो अभियंता खिशातला मोबाइल काढून तेच पान स्वतःच्या डेटावर उघडेल आणि एकेक अक्षर पाहून संगणकावर टंकेल. त्या वेळी आपण खिडकीबाहेर पाहावे.

महिनाअखेरच्या अहवालात ‘अडवलेल्या विनंत्या’ हा आकडा ठळक छापावा. तो कमी पडेल अशी धास्ती नको. कोणी साधे बातमीचे पान उघडले, तरी त्यातील जाहिराती परस्पर दहा ठिकाणी हाका मारतात आणि त्यांतली अडवलेली प्रत्येक हाक आपल्या खात्यावर जमा होते. अहवाल साहेबांपुढे नेण्याआधी त्या आकड्यात ‘लोककथा’ नाहीत, एवढे मात्र पाहून घ्यावे.