जंक रिगला म्हणे एकच दोर!

'जंक रिगला एकच दोर. हॅलयार्ड सोडला की रीफ आपोआप, बाकी कशाला हात लावायचा नाही.' जंक रिग म्हणजे आडव्या काठ्या घातलेलं चिनी घाटाचं शीड, हॅलयार्ड म्हणजे शीड वर चढवायचा दोर, आणि रीफ म्हणजे वारा वाढला की शीड लहान करणं. हा फॉरवर्ड भाच्याने पाठवला, खाली प्रश्न: 'मामा, मग उरलेले दोर काढून टाकू का?' बोट पाण्यात उतरायच्या बेतात आहे त्याची!

हॅलयार्ड ढिला केला की शिडाचे पट्टे बॅटनसकट, म्हणजे त्या आडव्या काठ्यांसकट, लेझी जॅकमध्ये (उतरलेलं शीड झेलणाऱ्या दोऱ्यांत) येऊन बसतात, कबूल. पण वरच्या यार्डचं, म्हणजे शीड ज्याला टांगलेलं असतं त्या दांड्याचं काय? त्याला डोलकाठीशी आवळून धरणारा दोर, म्हणजे यार्ड हॉलिंग पॅरल, यार्ड खाली येताना सैल पडतो. तो लगेच ओढून घेतला नाही तर एवढं जड यार्ड लाटांबरोबर झोके घेत आपटत राहतं. आणि रीफ करायची वेळ येते ती वारा वाढल्यावर! शीटचा दोर, म्हणजे शीड वाऱ्याप्रमाणे आत-बाहेर करायचा दोर, बऱ्याच बॅटनांना धरून कप्प्यांतून फिरतो, त्यामुळे हाताला हलका लागतो, पण लांबी भरमसाट. शीड उतरलं की त्याचा ढिला भाग मागे लोंबतो आणि जाइब करताना, म्हणजे मागून वारा असताना शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जाताना, बॅटनच्या टोकाला अडकतो. म्हणून रीफनंतर हॅलयार्ड बांधायचा, यार्डचा पॅरल ओढायचा, मग लफचा, म्हणजे शिडाच्या पुढच्या कडेचा, शेवटी शीट आवरायची. चढवताना शीट आणि दोन्ही पॅरल आधी मोकळे करायचे, नाहीतर हॅलयार्डशी कुस्ती.

फॉरवर्डमध्ये पुढे: 'हॅस्लर तर हॅचमध्ये उभा राहूनच बोट चालवायचा.' हॅस्लर म्हणजे जंक रिगवर एकट्याने समुद्र ओलांडणारा इंग्रज, हॅच म्हणजे डेकवरचं झाकणाचं दार. चालवायचाच. 1960 मध्ये प्लिमथ ते न्यूयॉर्क एकट्याने करायच्या शर्यतीत 25 फुटी 'जेस्टर' घेऊन तो 48 दिवसांत दुसरा आला. फक्त त्याने दोर काढले नव्हते, हॅचपाशी हाताशी येतील असे आणले होते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हा फरक कळलेला दिसत नाही.

'सुरकुत्या हा जंकचा स्वभावच.' छे. पुढच्या वरच्या कोपऱ्यातून मागच्या खालच्या कोपऱ्याकडे तिरकी सुरकुती गेली की बहुतेकदा लफचा पॅरल ढिला असतो. ती जाईल इतपतच ओढा, जास्त ताणलात तर बॅटनवर नसता भार येतो.

'वाऱ्यावर चढत नाही', म्हणजे वाऱ्याच्या दिशेने तिरकं पुढे जाता येत नाही, हे सपाट शिवलेल्या जुन्या शिडांपुरतं अर्धं खरं, नाइलाजाने मानतो. पण पट्ट्यांना थोडं पोट, म्हणजे फुगवटा, दिलेली शिडं आता बरीच बरी चढतात, आणि त्याचा दोर काढण्याशी काही संबंध नाही.