‘शेंबड्या पोरालाही कळतं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

ज्वारीच्या रंगावरून दाण्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) ओळखू नका, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली एका वाचकाने लिहिलंय: ‘लाल ज्वारीत टॅनिन असतं, पांढरीत नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या लाल वाणात टॅनिन मोजणाऱ्या व्हॅनिलिन चाचणीला आकडा आलाय. रंगावर भरवसा ठेवू नका असं सांगून तुम्ही लोकांना गोंधळात पाडताय. तक्त्यातले आकडे ओल्या वजनावरचे की कोरड्या, पत्ता नाही. आणि परीक्षानळीतली अँटिऑक्सिडंट ताकद पोटात किती टिकते, यावर चकार शब्द नाही.’

मुद्दा मांडायला शेंबडं पोर कशाला लागतं, हे मला कळलेलं नाही. गेली बावीस वर्षं दाणे ब्लेडने चिरून भिंगाखाली बघतोय. गोंधळात पाडायचंच असतं तर याहून कमी कष्टात पाडलं असतं.

तक्त्याचं मान्य. आकडे कोरड्या वजनावरचे आहेत, ते वर लिहायला हवं होतं. आता लिहिलंय.

आता तुमचं ते ‘लाल म्हणजे टॅनिन’. बाहेरच्या सालीचा रंग आर आणि वाय या जनुकांवर ठरतो. दोन्ही प्रभावी असली की दाणा लाल. नुसता वाय प्रभावी असेल तर लिंबासारखा पिवळा. वाय प्रभावी नसेल तर आर कसाही असो, साल बिनरंगी आणि दाणा पांढरा. टॅनिनचं घर मात्र सालीच्या आत, बीजकवचात. ते रंगीत व्हायला बी-१ आणि बी-२ ही दोन्ही जनुकं प्रभावी लागतात, आणि त्यांना आर-वायशी काही देणंघेणं नाही. त्यामुळे लालभडक दाणा टॅनिनविना सापडतो आणि पांढरा टॅनिनसकट. त्यात मधली साल जाड, पिठाळ असेल तर खालचं तपकिरी कवच झाकून जातं आणि दाणा खडूसारखा पांढरा दिसतो. एस हे जनुकही सोबत प्रभावी असेल तर सालही तपकिरी होते. तुमच्या पोराने बहुधा हीच ज्वारी पाहिली असावी.

व्हॅनिलिनच्या आकड्याचं म्हणाल, तर लाल दाण्याचा आम्लयुक्त मिथेनॉलमधला अर्क मुळातच रंगीत असतो. व्हॅनिलिन न घालता त्याच अर्काचं वाचन घेऊन ते वजा केलं नाही, तर यंत्र तो रंगही टॅनिन म्हणूनच मोजतं. ते वजा केलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

यंत्राविना खात्री करायची तर शंभर अखंड दाणे चंचुपात्रात घ्या. साडेतीन टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या (म्हणजे ब्लीचच्या) द्रावणात पाच टक्के कॉस्टिक सोडा विरघळवा (हातमोजे आणि चष्मा घालून), दाणे जेमतेम बुडतील एवढं ओता. नेहमीच्या तापमानाला वीस मिनिटं ठेवा, दर पाच मिनिटांनी हलवा. मग गाळणीत ओतून नळाखाली धुवा, टिपकागदावर पसरा. अल्कलीने साल विरघळते, उघड्या पडलेल्या बीजकवचातलं टॅनिन काळं होतं. अंकुराचा भाग सोडून पूर्ण काळा झालेला दाणाच मोजायचा. अंकुराकडचा किंवा फुटक्या कडेचा काळसर डाग टॅनिन नव्हे. सोबत टॅनिन असलेला आणि नसलेला असे दोन माहितीतले नमुने लावायलाच हवेत, नाहीतर ब्लीच जुनं होऊन नरम पडलंय हे कळतच नाही आणि सगळी ज्वारी बिनटॅनिनची ठरते.

काळ्या वाणांचा रंग तर वेगळाच, तो ल्युटिओलिनिडिन आणि एपिजेनिनिडिन यांसारख्या रंगद्रव्यांचा. कणसावर पिशवी बांधून ऊन अडवलं तर तोच दाणा लालच राहतो. आणि पावसात भिजल्यावर तुसांचा जांभळा रंग पांढऱ्या दाण्यावर उतरतो, तो नुसता डाग.

राहिला पोटातला परिणाम. लेख वाण ओळखण्यावर होता, आहारावर नव्हता. ओरॅकचे (परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट ताकदीचे) आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकले, हे मलाही ठाऊक आहे. तो वाद इथे नको.

तुमच्या लाल वाणाचे शंभर दाणे ब्लीचमध्ये टाका आणि काळे किती झाले ते इथेच लिहा. शेजारी नमुने कोणते लावले होते, तेही.