पगारातले ते दोनशे रुपये

आज डबा खाताना ऑफिसातला एक जण मोबाईलवर पगाराची स्लिप दाखवत म्हणाला, "हे बघ, प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे. आपण राबायचं आणि फुकट्यांना पोसायचं. असलं स्वीडनमध्ये चालतं, आपल्याकडे नाही." सगळे हसले. माझा घास घशाखाली उतरेना.

अरे बाबांनो, हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी! शहरातल्या पगारदारांकडून, व्यापाऱ्यांकडून घ्यायचं, बागायतीवर आणि गाड्यांवर थोडं लावायचं, तेवढीच भर सरकारने घालायची आणि खेड्यात जो काम मागेल त्याला काम द्यायचं. त्यासाठी कुणाचा कारखाना काढून घेतला नाही, बाजार बंद केला नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी या हमीचा पहिला प्रयोग केला तो १९६५ मध्ये, सांगलीच्या तासगाव तालुक्यात. स्वीडनपर्यंत कशाला जायचं?

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. उन्हात दिवसभर हातोडा, आणि मिळालेली सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ, पदरात बांधून घरी, बाबांसाठी. फुकट? तिच्या अंगठ्याचं नख पुन्हा कधी सरळ आलं नाही.

तेव्हा मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, नाव लागावं म्हणून मुकादमाच्या पाया पडावं लागायचं, असं ती सांगायची. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला, आणि तीच आजी पाझर तलावाच्या कामावर हक्काने गेली. काम मागायचं, पंधरा दिवसांत मिळालं नाही तर भत्ता मागायचा. मुकादम तोच असेल, पण पाया पडणं संपलं. मला एवढंच हवंय, बाजाराच्या शेजारी ही हमी.

खोटी मस्टरं होती, मान्य. काही रस्ते पहिल्याच पावसात वाहून गेले, तेही मान्य. पण बड्या कंत्राटदाराचा पूल पडला म्हणून भांडवलशाही गुंडाळा असं कोणी म्हणतं का? कारखानदारांना १९६४ पासून सरकारी सवलती मिळतायत, एमआयडीसीत जमिनी मिळाल्या. त्यांना 'प्रोत्साहन' आणि माझी आजी फुकटी?

तो मुलगा वाईट नाही. अडीनडीला धावून येणारा आहे. हे त्याला कोणी सांगितलंच नाही, शाळेतही नाही आणि घरीही नाही.

पण चीड यायचीच असेल तर या गोष्टीची येऊ दे: लाखभर पगारवाल्याचेही दोनशे आणि पंधरा हजारवाल्याचेही दोनशेच. राज्यघटनेत या कराला वर्षाला २५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे आणि १९८८ पासून ती हललेली नाही. ती वाढवा. माझ्या पगारातून महिन्याला दोन हजार कापा, मी एका शब्दाने कुरकुरणार नाही. फक्त तो पैसा कामावरच्या बाईच्या हातात वेळेवर पडू दे.