पाय जागच्या जागी का राहतात?

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा झोंबली. दुसऱ्यांदा वाचल्यावर निम्मी पटली. ‘दुसऱ्याची हालचाल बघताना आपला मेंदू तीच हालचाल करत असतो’ या माझ्या लेखातल्या वाक्यावर तुम्ही विचारलंत, मग टीव्हीवर शर्यत बघणाऱ्याचे पाय जागच्या जागी कसे राहतात? शिवाय आरसा-चेतापेशी, म्हणजे एखादी हालचाल स्वतः करताना आणि दुसऱ्याला ती करताना बघताना, दोन्ही वेळी प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या पेशी, सापडल्या माकडांत, त्या माणसाला चिकटवणं हे थोतांड आहे, असंही तुमचं म्हणणं.

वाक्य चुकलंच. ‘करत असतो’ नव्हे, ‘करायच्या बेतात येतो’ म्हणायला हवं होतं. आणि हा बेत कुठे अडतो, याचा एक धागा माकडांतच सापडतो. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या काही पेशी माकडानं स्वतः वस्तू पकडली की जोरात काम करतात, पण दुसरं कुणी वस्तू पकडताना बघितलं की उलट गप्प होतात (२००९). म्हणजे कुठेतरी ब्रेक आहे. तो माणसातही असावा, कारण तो निकामी झालेली माणसं आहेत: मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेले काही रुग्ण, कुणी सांगितलेलं नसताना, समोरच्या डॉक्टरांच्या हालचालींची नक्कल करत बसतात. फ्रेंच मेंदूतज्ज्ञ लेर्मिट यांनी १९८०च्या दशकात अशा रुग्णांचं वर्णन केलंय.

आता माकडांचं. इटलीतल्या पार्मात १९९२ साली पहिली नोंद झाली ती माकडांतलीच, हे खरं. पण २०१० मध्ये अपस्माराच्या रुग्णांत, करताना आणि बघताना दोन्ही वेळी प्रतिसाद देणाऱ्या पेशी थेट नोंदवल्या गेल्या. अर्थात इलेक्ट्रोड उपचारासाठी बसवलेले होते, त्यामुळे ते जिथे होते तिथलंच कळलं. सहानुभूती, भाषा, ऑटिझम हे सगळं या पेशींच्या खात्यावर टाकणाऱ्यांवर तुम्ही चिडलात, त्यात मी तुमच्या बाजूनं आहे.

‘थोतांड’ मात्र मान्य नाही. २००६ सालचा बॅलेवरचा प्रयोग बघा. बॅलेत काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त स्त्रिया. पण एकत्र सराव करत असल्यानं दोघांच्याही डोळ्यांना सगळ्या सारख्याच ओळखीच्या. तरीही ज्या हालचाली नर्तक स्वतः करत, त्या बघताना मेंदूच्या हालचालींशी संबंधित भागांत प्रतिसाद जास्त आला. नुसती नजरेची सवय असती, तर हा फरक पडलाच नसता.

आणि हा ‘आरसा’ उलटाही करता येतो. २००७ मधल्या एका प्रयोगात लोकांना सराव दिला: समोर तर्जनी हलली की तुम्ही करंगळी हलवा, करंगळी हलली की तर्जनी. सरावानंतर ते नुसते बघत बसले, तरी दुसऱ्याची करंगळी हलताना त्यांच्या तर्जनीचा स्नायू जास्त सज्ज होऊ लागला. जन्मजात, पक्का बसवलेला आरसा इतक्या सहज फिरला नसता. माझ्या लेखात ‘जन्मजात’ हा शब्द होता. तुम्ही तो धरला नाहीत, पण तुमच्या निमित्तानं मीच काढलाय.