उताराचं पाणी आणि पाइपाचं पाणी

नमस्कार. शेजारच्या प्लॉटवरून पाइपाने तुमच्या कंपाउंडपाशी येणाऱ्या पाण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, तेव्हा उत्तरही तसंच देतो. तुमचा राग दोन गोष्टींवर आहे. ‘खालच्या प्लॉटने वरचं पाणी घ्यायला हवं’ असं लिहून मी बांधकामवाल्याची तळी उचलली, ही एक. दुसरी, कोर्टाची वाट दाखवण्याऐवजी ‘तहसीलदाराकडे अर्ज करा, सहा महिन्यांत निकाल, तोवर पाइपाच्या तोंडात सिमेंट कोंबा’ असं सांगायला हवं होतं.

पहिलं म्हणणं माझं नाही, सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीवर चालणारा हक्क) अधिनियम १८८२ च्या कलम ७ मधल्या उदाहरणाचं आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी आपसूक खाली वाहत असेल तर खालच्याने ते वाहू द्यायचं. पण शेजाऱ्याने भराव घालून जमीन उचलली, गच्चीचं पाणी पाइपात गोळा करून तुमच्या कंपाउंडच्या बुडाशी सोडलं, की हे संरक्षण संपलं. असं पाणी सोडायला त्याला तुमची संमती लागते, नाहीतर कलम १५ प्रमाणे २० वर्षं उघडपणे, हक्काने आणि विनाअडथळा सोडल्याचं सिद्ध करावं लागतं. ‘जाऊ दे, शेजारी आहे’ म्हणणाऱ्यांनी म्हणून निदान एक चिठ्ठी द्यावी: तूर्त परवानगी आहे, हक्क नाही. परवानगीने केलेल्या वापरातून असा हक्क तयार होत नाही.

आता तहसीलदार. तुम्ही म्हणता तो अर्ज ज्याखाली होतो, ते मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ शेती, चराई, झाडं वा पिकं यांसाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीवरच्या पाण्याचा प्रवाह अडवला तर कामाला येतं. तुमचा एनए (बिगरशेती) प्लॉट, त्यावर बंगला; अर्ज तिथेच अडकेल. आणि ते सहा महिने निकालाचे नाहीत हो, दावा दाखल करण्याच्या मुदतीचे आहेत! या गैरसमजापायी शेतकऱ्यांचीही मुदत टळते.

तुमच्यासाठी दिवाणी न्यायालयच. तात्पुरती मनाई, पाइप काढून टाकण्याचा आदेश आणि नुकसानभरपाई एकाच दाव्यात मागता येतात. पण खरा जीव पुराव्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर (जागा पाहून कोर्टाला अहवाल देणारा) मागा, तोही पावसाळ्यातच. डिसेंबरात त्याला कोरडी भिंत आणि तिच्यावरचे पांढरे क्षार दिसतील, एवढंच. त्याआधी इंजिनिअरकडून दोन्ही प्लॉटच्या लेव्हल घेऊन ठेवा, आणि शेजाऱ्याचा मंजूर नकाशा माहिती अधिकारात काढा. नकाशात नसलेलं बांधकाम निघालं तर नगरपरिषदेत तक्रार करता येते. मात्र बहुतेकदा ‘हा खाजगी वाद आहे’ असं उत्तर मिळतं, तेव्हा त्या तक्रारीवर विसंबून दावा लांबवू नका.

सिमेंटचं म्हणाल तर, त्यापायी उताराचं पाणीही वर तुंबलं तर वादी शेजारी होईल आणि प्रतिवादी तुम्ही.

तुमचं जोतं समोरच्या रस्त्यापेक्षा खाली आहे का, ते मात्र लिहिलं नाहीत. असेल तर अंगणातलं किती पाणी शेजाऱ्याचं आणि किती रस्त्याचं, हे आधी वेगळं काढावं लागेल. ते कळवा.